प्रवासातील आहार आणि आपले पथ्यपत्रक

'बाहेरचे खाणे पूर्ण बंद.' मराठवाड्यातील वैद्यांच्या केसपेपरवर ही ओळ हमखास आढळते. आम्लपित्त असो, ग्रहणी असो, मेदोरोग असो वा प्रमेह. औषधांच्या नावांखाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली हे चार शब्द. रुग्ण मान डोलावतो, औषधे घेऊन जातो आणि येत्या रविवारी सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास सहकुटुंब मिसळीच्या दुकानासमोर उभा राहतो. यात रुग्णाचा उद्धटपणा आहे असे आम्हांस वाटत नाही. ती ओळ लिहिण्यास जितकी सोपी तितकीच पाळण्यास अवघड आहे, आणि जे पाळता येत नाही त्याला पथ्य म्हणावे की नाही, याचा विचार आपल्या व्यवसायाने एकदा करावयास हवा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विशेषतः आपल्या शहरात हा विचार टाळता येणार नाही. २०२३ मध्ये ज्या औरंगाबादचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले, ते शहर मुळातच येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आहे. वेरूळ व अजिंठा ही दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहेत. घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती, पैठणचे नाथमंदिर यांच्या दर्शनासाठी वर्षभर लोक येतात. वाळूज व शेंद्रा येथील कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणारा कामगार, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, पर्यटकांना घेऊन जाणारा गाडीचालक, हे सारे आपले रुग्ण होत. महिन्यातील निम्मे दिवस ज्याच्या तोंडी घरचा घास पडत नाही, त्याला 'बाहेरचे बंद' असे सांगणे म्हणजे त्याला उपाशी राहा असे सांगणे, किंवा दुसऱ्या वैद्याकडे जा असे सुचविणे. बहुधा तो दुसरा मार्ग धरतो.

आता या 'ब्रंच' नामक प्रकाराकडे वळू. निराला बाजार, सिडकोतील कॅनॉट, चिकलठाण्याचा मॉल या परिसरांत तरुण मंडळी सुटीच्या दिवशी अकरा वाजता टेबलाभोवती जमतात. सँडविच, चीज, थंड कॉफी, फळे घालून घुसळलेले दूध असा बेत असतो. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना हे पाश्चात्त्य अनुकरण वाटते. शब्द परका आहे हे खरे. १८९५ मध्ये इंग्लंडमधील 'हंटर्स वीकली' या नियतकालिकात गाय बेरिंजर नामक लेखकाने रविवारी उशिरा उठणाऱ्यांची बाजू घेताना तो शब्द छापला. परंतु वेळ मात्र परकी नाही. पहाटे उठून शेतात गेलेल्या माणसाने सूर्य बराच वर आल्यावर बांधावर बसून भाकरी, पिठले वा कोरड्यास, वर कांदा, अशी न्याहारी करावी, ही मराठवाड्याची जुनीच रीत आहे. त्या न्याहारीआधी पोटात फारसे काही गेलेले नसे आणि चार-पाच तास अंगमेहनत झालेली असे. भूक लागलेली असे. बेरिंजरच्या मूळ कल्पनेतही दोन जेवणांच्या जागी एकच जेवण होते. म्हणजे वेळेशी आपले भांडण असण्याचे कारण नाही.

भांडण आहे ते बेरजेशी. आजचा प्रवासी सकाळी साडेसातला हॉटेलच्या भाड्यात समाविष्ट असलेला बुफे नाश्ता 'पैसे दिले आहेत' म्हणून पोटभर करतो, साडेदहाला रस्त्यात गाडी थांबली म्हणून पुन्हा खातो, आणि दोन-तीन वाजता जेवणाची थाळी पुढे येते तेव्हा तीही सोडत नाही. आधीचे पचण्यापूर्वी पुन्हा खाणे यास चरकाचार्यांनी ग्रहणी चिकित्सेच्या अध्यायात अध्यशन म्हटले, हितकर व अहितकर एकत्र खाणे यास समशन, आणि अकाली, अधिक वा उणे खाणे यास विषमाशन. बुफेच्या एका ताटात थंड दूध, त्यात आंबट फळे, शेजारी इडली-सांबार आणि वर आमलेट असा संसार मांडलेला पाहिला की या तिन्ही संज्ञा विद्यार्थ्यांस शिकविण्यास वेगळे उदाहरण लागू नये. प्रवासात बिघडलेले पोट घेऊन येणाऱ्या रुग्णास 'काय खाल्ले' एवढेच आपल्यापैकी अनेक जण विचारतात. 'त्याआधी केव्हा खाल्ले होते आणि तेव्हा भूक होती काय' हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. निदानाची किल्ली बहुधा तेथेच असते.

विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. आपले छापील पथ्यपत्रक पाहिले तर ते जवळजवळ सर्वस्वी प्रकृतीवर, म्हणजे पदार्थांच्या स्वभावावर बेतलेले असते. हे खा, ते खाऊ नका. उरलेल्या सातांपैकी राशी, काल, करण आणि उपयोगसंस्था ही चार प्रवाशाच्या हाती पुष्कळ अंशी असतात. पदार्थ निवडण्याचे स्वातंत्र्य प्रवासात कमी होते. किती, केव्हा, कसे शिजलेले आणि कोणत्या रीतीने खावे, याचे स्वातंत्र्य मात्र बरेचसे शाबूत राहते. ज्या बाबीवर रुग्णाचा ताबा नाही त्यावर आपण सारा भर द्यावा आणि ज्यावर आहे ती सोडून द्यावी, हे शास्त्राला धरून नाही.

एक अजिंठ्याचा दिवस घ्या. शहरापासून लेणी सुमारे शंभर किलोमीटर. फुलंब्री, सिल्लोड मार्गे दोन-अडीच तास सहज जातात. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून तेथील बसने पुढे जावे लागते, मग पायऱ्या, मग तीन-चार तास उभे राहणे व चालणे. ज्याने निघताना भरपेट खाल्ले आणि सिल्लोडला पुन्हा भजी घेतली, तो पायऱ्या चढताना धापा टाकणार आणि उन्हात त्यास मळमळणार, हे सांगण्यास नाडी पाहण्याची गरज नाही. अशा रुग्णास आम्ही सांगत आलो आहोत की निघण्यापूर्वी भूक असेल तरच गरम असे थोडे खावे. वाटेत भूक नसता काहीही नको, केवळ कोमट पाणी. लेणी पाहून झाल्यावर भूक कडकडून लागेल तेव्हा एकच नीट जेवण घ्यावे. त्या जेवणात वरण-भात असला तरी चालेल, भाकरी व भाजी असली तरी चालेल. संध्याकाळी शहरात परतल्यावर रात्रीचे जेवण हलके. एवढे साधले तर पदार्थांची निम्मी यादी अनावश्यक ठरते. जाता जाता, अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. हे ठाऊक नसलेले पाहुणे बंद दारापर्यंत जाऊन परततात आणि निराशेचा वेळ खाण्यात घालवितात, असेही दिसते.

येथे एक सावधगिरी. भूक नसता खाऊ नये हा उपदेश मधुमेही रुग्णास सरसकट करू नये. इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरविणाऱ्या काही आधुनिक गोळ्या घेणाऱ्याने जेवण टाळले वा लांबविले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि घाटरस्त्यावर ते जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाने कोणती औषधे चालू आहेत हे आधी सांगावे, आपणही ते विचारावे आणि प्रवासातील जेवणाच्या वेळा त्याच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवाव्यात.

वेरूळकडे जाणाऱ्यांची अडचण निराळी. सोमवारी घृष्णेश्वर, शनिवारी भद्रा मारुती, बरोबर उपवास. उपवासाच्या नावाखाली रिकाम्या पोटी तेलकट साबुदाणा वडा किंवा दाण्याच्या कुटाने जड झालेली खिचडी खाल्ली जाते आणि दुपारी आम्लपित्ताचा उद्रेक होतो. साबुदाण्यासाठी वापरला जाणारा टॅपिओकाचा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील. आपल्या संहितांत तो नाही, तेव्हा त्याच्या पावित्र्याविषयी ग्रंथाधार शोधण्याचे कारण नाही. राजगिऱ्याचा लाडू, ताक, भूक असेल तर शिजविलेली भगर, हा मार्ग बरा. भगर मात्र अख्खी घेऊन, निवडून, धुऊन शिजवावी. भगरीच्या सुट्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत मराठवाड्यातून सणावारी वारंवार आल्या आहेत. आपल्या दुकानांतून असे सुटे पीठ विकले जात असेल तर ते थांबवावे, हे सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

या शहराची खरी ओळख असलेला नान-खलिया हा विषय आपल्या व्यासपीठांवर फारसा निघत नाही. शाकाहाराचा आग्रह धरणाऱ्यांना तो नकोसा वाटतो, आणि इतरांना तो चर्चेच्या योग्यतेचा वाटत नाही. तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस हलविली तेव्हा फौजेबरोबर हा प्रकार आला, अशी परंपरा सांगितली जाते. तंदूरमध्ये भाजलेला नान आणि मटणाचा रस्सेदार खलिया. पर्यटक तो खाणारच. मांसरसाचे बृंहण गुण आपणच शिकवितो. प्रश्न नान, तेल व मसाला यांच्या एकत्रित गुरुत्वाचा आणि राशीचा. गुरू पदार्थ तृप्तीच्या अर्ध्यापर्यंत वा फार तर पाऊण भागापर्यंत खावेत असा संकेत सूत्रस्थानात आहेच. दुपारच्या जेवणात, भूक लागलेली असता, मोजके खावे आणि रात्री काही जड घेऊ नये, एवढे सांगणारा वैद्य रुग्णास ऐकण्याजोगा वाटतो. 'छे छे' म्हणणारा वाटत नाही.

उलट, हलक्या पदार्थांची आपल्या भागात वाण नाही; केवळ आपण त्यांची नावे घेत नाही. चुरमुरे भिजवून केलेला सुशीला हा मराठवाड्याचा नाश्ता तळलेल्या कचोरीपेक्षा कितीतरी सुसह्य. ज्वारीची भाकरी धाब्यांवर मिळते आणि २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाल्यापासून मोठी हॉटेलेही ती मिरवू लागली आहेत. हंगामात दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळे आणि जालन्याकडे मोसंबी मिळते; फळ स्वतंत्र वेळी, दुधाशिवाय खावे इतकेच बजावले पाहिजे. ताजे ताक दिवसा उत्तम, रात्रीचे दही नको. मिसळ खायचीच असेल तर कट कमी, फरसाण निम्मे, आणि ते खाणे म्हणजेच दुपारचे जेवण समजावे. मिसळीवर थाळी नाही!

करण या आयतनाविषयी आधुनिक नियम आपल्या मदतीस येतात. पुन्हा गरम केलेले अन्न वाग्भटाचार्यांनी त्याज्य मानले आहे. तळणाच्या तेलाविषयी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली असून, तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरता येत नाही. ग्राहकास हे मोजता येत नाही. परंतु काळपट, फेसाळ व धूर सोडणारे तेल डोळ्यांना दिसते. भांड्यात तासन्‌तास तेवत ठेवलेल्या भाजीपेक्षा तव्यावरून थेट पानात आलेला डोसा बरा, हे रुग्णास एका वाक्यात पटते. भिंतीवर चौदा अंकी परवाना क्रमांक आहे काय, हेही पाहावयास सांगावे.

रस्ते व रेल्वे यांनी खाण्याची रीत कशी बदलली हेही ध्यानात घ्यावे. पूर्वी एसटीचा थांबा म्हणजे घाईघाईचे वीस मिनिटांचे खाणे. अतिशीघ्र जेवू नये हा नियम चालकाच्या हॉर्नपुढे टिकत नसे. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. सुरुवातीस त्यावर खाण्यापिण्याच्या सोयी अगदी तुरळक असल्याने कित्येक कुटुंबे पुन्हा डबा बांधू लागली. ही आपल्या दृष्टीने इष्टापत्तीच. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई म्हणून सुरू झालेल्या वंदे भारत गाडीत जागेवरच खाणे येते, भूक असो वा नसो. पण तिकीट काढतानाच ते नाकारण्याची सोय असते, ही गोष्ट कित्येक रुग्णांस ठाऊक नसते.

आता औषधी दुकानदार बंधूंविषयी. येथे आम्हांस थोडे कठोर लिहावे लागत आहे. सहलीच्या हंगामात पाचक चूर्णांचा खप वाढतो आणि काउंटरवर एकच वाक्य ऐकू येते: 'काहीही खा, वरून एक चमचा घ्या.' हे वाक्य आयुर्वेदाच्या नावावर बोलले जाते हे अधिक दुःखद. हिंग्वष्टक चूर्ण ग्रंथोक्त रीतीने तुपासह पहिल्या घासाबरोबर घ्यावयाचे आहे. भरपेट जेवणानंतर कोरडे फाकण्याचे नव्हे. लवणभास्कर चूर्णात सामुद्र लवण आठ भाग, सौवर्चल पाच भाग व इतर लवणेही आहेत. रक्तदाबाच्या रुग्णास ते बाटलीने देणे कितपत योग्य? अविपत्तिकर चूर्णाची गंमत तर याहून निराळी. नेहमीच्या पाठानुसार एकशे बत्तीस भागांत सहासष्ट भाग साखर आणि चव्वेचाळीस भाग निशोत्तर. म्हणजे मधुमेह्यास निम्मी साखर, आणि इतरांस ऐन प्रवासात रेचक. रात्री बसमध्ये बसण्यापूर्वी हे चूर्ण घेतलेल्या प्रवाशाची पहाटे काय अवस्था होते याचे वर्णन आम्ही करीत नाही.

दुकानदाराने विक्री करू नये असे आमचे म्हणणे नाही. विक्रीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत: रक्तदाब आहे काय, मधुमेह आहे काय, प्रवास किती तासांचा आहे. याला अर्धे मिनिट लागते. त्यापुढे जाऊन साळीच्या लाह्या, सुंठ, राजगिऱ्याचे लाडू, भाजलेल्या मूगडाळीचे पीठ अशा प्रवासोपयोगी वस्तू दुकानात ठेवल्यास गल्ला घटणार नाही, बहुधा वाढेल. मात्र खाद्यपदार्थांचा परवाना हवा, आणि वेष्टनावर 'आयुर्वेद आहार' असे लिहावयाचे असेल तर २०२२ च्या त्या नावाच्या नियमावलीनुसार प्रमाणग्रंथांतील कृतीचा आधार व इतर अटी पाळाव्या लागतात. लाह्यांच्या साध्या पुडीवर रोगनिवारणाचे दावे छापण्याचा मोह कोणी करू नये.

काही वैद्यमित्र म्हणतील की, अशी सवलत दिली तर पथ्याची शिस्तच ढिली होईल. त्यांना आमचे उत्तर ग्रंथातूनच आहे. अहितकर सवय एकदम न सोडविता पादांश क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने सोडवावी आणि हितकर सवय त्याच क्रमाने लावावी, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात सांगितले आहे. रोज बाहेर खाणाऱ्यास आठवड्यातील दोन वेळा आधी घरच्या डब्यावर आणणे, हा शास्त्रोक्त उपक्रम आहे. एका रेघेखाली सर्व बंद करणे नव्हे. अर्थात जेथे कठोर राहिले पाहिजे तेथे राहावेच. ज्वर, अतिसार, तीव्र ग्रहणी यांत सवलत नाही. शोधनानंतर संसर्जन क्रम चालू असता, प्रवर शुद्धीत सात दिवस, प्रवासच नको. रुग्णाचे तिकीट आधी काढलेले असेल तर पंचकर्म पुढे ढकलावे.

आमची सूचना लहान आहे. छापील पथ्यपत्रकाच्या मागील कोऱ्या बाजूस प्रत्येक वैद्याने आपल्या गावापुरती एक प्रवासयादी छापावी. आपल्या बसस्थानकाजवळ, बाजारात, महामार्गावर सकाळी काय ताजे मिळते, दुपारी वरण-भात कोठे मिळतो, ताक कोठे विश्वासाचे आहे, हे त्यात असावे. जाहिरात होऊ नये म्हणून हॉटेलांची नावे न देता पदार्थ व वेळ यांवर भर द्यावा. पैठणच्या वैद्याची यादी सिल्लोडच्या वैद्याहून निराळी असणार, आणि तशीच असावी; देश हेही एक आयतन आहे. रुग्णास पहिल्या भेटीतच विचारावे की महिन्यात किती दिवस बाहेर जेवता, आणि ते उत्तर केसपेपरवर वयाच्या व वजनाच्या शेजारी लिहावे. आपल्या यादीची एक प्रत संघटनेकडे पाठविल्यास पुढील अंकात तालुकावार याद्या एकत्र छापता येतील, आणि अजिंठ्याहून परतलेला पैठणचा रुग्ण सिल्लोडच्या दुकानात गेला तरी त्यास तोच सल्ला मिळेल.